आठ हजार दोनशे

ब्लॉक एका गाडीचा, हेड दुसरीचं.
पांचाळ त्याला कलमी इंजिन म्हणतात
आणि कलम बांधणारा माळी बघतो तसं
दोन्हींच्या मधली फट उजेडाकडे धरून बघतात.
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
शटर अर्धं वर, शेजारी बिस्किटांच्या खोक्यांचा छापखाना,
त्याच्या धडधडीत आमचं बोलणं तुटक.

मी यादी आणली होती, विजेच्या बिलामागे लिहिलेली.
पहिल्याच ओळीत कॅमशाफ्ट, मोठ्या लिफ्टचे,
खाली दोन रेघा.
पांचाळांनी कानावरची पेन्सिल काढली,
कॅम खोडला नाही,
बाण काढून तळाला नेला.
वर लिहिलं : स्प्रिंगा.

"शेजवळबाई, झडप उघडायला काय,
कॅमचं नाक ढकलतं.
मिटवायची कोणी?"

आठ हजार दोनशे फेऱ्यांना
एकेक झडप सेकंदाला अडुसष्ट वेळा उघडते,
अडुसष्ट वेळा तिला घरी यायचं असतं.
स्प्रिंग थकली की ती दारातच रेंगाळते,
आणि खालून पिस्टन येतो,
त्याला थांबणं माहीत नाही.
त्यांनी खणातून एक वाकडी झडप काढून दाखवली.
कोलशेतच्या एका पोराची.
"रंग फार सुंदर होता गाडीचा," म्हणाले.

मग यादी वाढत गेली अशा गोष्टींनी
ज्या बॉनेट उघडून कुणाला दाखवता येत नाहीत.
रॉडचे बोल्ट नवे, जुने एकदा ताणले की आखडत नाहीत.
तेलाचा पंप.
तळाच्या टाकीत आडव्या पट्ट्या,
वळणावर सगळं तेल एका कुशीला पळू नये म्हणून.
हेडला तेल लागतं आणि या ब्लॉकात त्याची वाटच नाही,
तेव्हा बाहेरून एक नळी, फिल्टरपासून वर,
सासरी गेलेल्या मुलीला माहेरून डबा जावा तशी.
(उपमा पांचाळांची. मी गप्प बसले.)
बेअरिंगला फट, केसाच्या निम्मी.
मी म्हटलं, आणखी घट्ट नाही का बसवता येणार?
"मग तेल बसेल कुठे, माझ्या मांडीवर?"

आई विचारते,
घोडबंदर रोडला तासाला बारा किलोमीटर सरकताना
आठ हजार फेऱ्या कुठे घालणार आहेस?
प्रश्न बरोबर आहे. मला उत्तर येत नाही.

शनिवारी अल्तमशने किसननगरच्या स्टेशनरीतून
मुलांची खेळायची माती आणली, दहा रुपयांची, हिरवी.
ती पिस्टनच्या माथ्यावर थापली, तेलाचं बोट फिरवलं,
हेड ठेवलं, आवळलं,
आणि लांब पान्याने इंजिन हाताने फिरवलं.
दोन पूर्ण फेऱ्या, इतक्या हळू
की छापखाना कधी बंद पडला तेही ऐकू आलं.
हेड उचललं. मातीत झडपांच्या कोरी,
कुणी नखाने दाबाव्यात तशा.
ब्लेडने कापून व्हर्नियर लावला.
पहिल्यात दोन पूर्णांक एक. दुसऱ्यात तेवढंच. तिसऱ्यात दोन.
चौथ्यात एक पूर्णांक एक.

पांचाळांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं.
मी यादी उलटी केली, तर बिलाची रक्कम.
"माझा अंगठा लागला असेल," अल्तमश म्हणाला,
"हेड उचलताना."
असेल. नसेलही.

चौथ्यावर नवी माती थापली,
आणि या वेळी पाना माझ्या हातात दिला.
ढकलत गेले. जड, आणखी जड,
खांद्यापर्यंत जड,
मग कॅमचं नाक ओलांडलं गेलं
आणि आत कुठेतरी एक स्प्रिंग
पाना माझ्या हातातून पुढे ओढू लागली.
"सोडू नका," पांचाळ म्हणाले.