सोमवारचा आकडा

सकाळी गेटवर मोबाइल जमा करतो, डबा उघडून दाखवतो,
मग आठ तास कोऱ्या करकरीत पाचशेच्या नोटा
अख्ख्या तावांनी माझ्यासमोरून जातात.
शाई कुठे फुटली, नंबर कुठे सरकला,
एवढंच बघायचं.
पैसे म्हणून बघायचं नाही.
बावीस वर्षांत ते जमलंय.

सुटी झाली, खिसे चाचपून झाले, मोबाइल हातात पडला,
की जेलरोडच्या वळणावर गाडी बाजूला घेतो
आणि श्वास कोंडून मोजतो ते कोटी
जे मी कधी पाहिलेले नसतात.

शुक्रवार, तीन दहा.
शनिवार, तीन चाळीस. निदान चार तरी हवे होते.
काल रात्री सीटांचे नकाशे उघडून बसलो होतो,
कॉलेज रोड, सिडको, मग पुणं, नागपूर, पार इंदूरपर्यंत.
हिरवा चौकोन म्हणजे रिकामी खुर्ची.
इतकं हिरवं तर जानेवारीत दिंडोरीलाही नसतं.

कुंदा म्हणाली, "त्यातले आपल्याला किती येणार?"
म्हटलं, प्रश्न तो नाही.
"मग कुठला?"
मी उठून पंखा एकनं वाढवला.

आम्ही नववीत होतो तेव्हा आकडे कुणी सांगत नसे.
दौलत निमसे आणि मी थेटराच्या सायकल स्टँडवर जायचो,
सायकली मोजायचो.
सायकलीला दीड माणूस धरायचा,
स्कूटरला अडीच, कारण बायको आणि मांडीवरचं पोर,
टांगा आला तर पाच, घोडा सोडून.
दोनशेपानी वहीत डावं पान माझ्या हिरोचं, उजवं त्याच्या.
हरेल त्यानं भेळभत्ता द्यायचा.
बेचाळीस पुड्या निघतात त्याच्या माझ्याकडे,
तो अजून सोडत नाही.

त्याच्या हिरोनं केव्हाच काम थांबवलं, हॉटेलं काढली.
माझा मात्र माझ्याहून सात वर्षांनी मोठा
आणि या सिनेमातसुद्धा कॉलेजात.

आज गेटवर दोन गोष्टी आल्या.
रविवार, तीन पंचेचाळीस. सोमवार दुपारपर्यंत, अठ्ठावीस लाख.
आणि दौलतचा मेसेज : पडला ना?

रविवारी सगळ्यांचीच गर्दी असते.
ऊन असतं, एसी असतो, पोरांना कुठेतरी न्यायचं असतं.
सोमवारी येतो तो त्याच्यासाठी येतो.
मी दौलतला लिहिलं, रात्री नऊचा शो, म्हसरूळहून तुला घ्यायला येतो.
म्हणाला, माझे पैसे फुकट त्याच्या खात्यात नकोत.
म्हटलं, तिकीट मी काढतोय.
म्हणाला, तेच म्हणतोय.

आला पण.
दारावरच्या पोऱ्यानं आमचे खिसे चाचपले.
मला सवय आहे, मी आपोआप हात वर केले.
दौलतच्या मोज्यातली पुडी त्याला सापडली नाही.

पडदा उजळला तेव्हा दौलत मागे वळून मोजत होता.
"अकरा."
"तू धरून?"
"दोघं धरून. एक झोपलाय, तो धरू का?"
"तिकीट काढलंय ना त्यानं."
उद्या आकडा येईल. आमचे तीनशे साठ रुपये त्यात असतील,
किंवा राउंड करताना गळतील.

मग तो आला, पाठमोरा, गुडघा जरा जपून टाकत.
कुणीच काही केलं नाही.
मला शिट्टी कधीच येत नव्हती,
नववीत ती दौलत माझ्या वतीनं मारायचा,
दर वेळचे दहा पैसे घेऊन.
मी अंधारात खिशात हात घातला.
दहाचं नाणं लागलं.
त्याच्या हातावर ठेवलं.
त्यानं आधी तोंडातला भत्ता गिळला.

परतताना तळघरातल्या पार्किंगमध्ये
तो दोन खांबांच्या मधे थांबला, बोट हवेत.
"एका गाडीला किती धरायचे हल्ली?"
"एकच धर," मी म्हटलं,
"आपली सोडून."