किल्ली माझ्याकडे

गुजरी महालात, जाळीमागे,
एक दगडाची मुलगी उभी आहे.
हात तुटलेले, गुडघ्यांखाली काही नाही,
ओठ मात्र शाबूत.
किल्ली माझ्याकडे. कुलूप अलीगढचं,
दर पंधरवड्याला मोहरीच्या तेलाचे दोन थेंब.
बडे पाहुणे आले की उघडतो.
ते म्हणतात, वा, काय हसतेय!
मी म्हणतो, जी साब.
बावीस वर्षं झाली.

यामिनी सतरावं संपवतेय
आणि एक जाडजूड पुस्तक, मैत्रिणीकडून आणलेलं.
जेवताना सांगते:
पुढच्या कुठल्याशा शतकातलं शहर. राखेचा पाऊस.
सतरा भरली की मुलींची मापं घेतात,
मान, कपाळ, दोन डोळ्यांमधलं अंतर.
मापात बसतील त्या वर, काचेच्या घुमटात.
गरम पाणी, पिकलेली फळं, आरसेच आरसे.
दार नाही.
"दार नाही, तर आत नेतात कसं?"
"बाबा, घुमट नंतर बांधतात. तिच्याभोवती."

तिच्या आईनं पोळी उलटली नाही.
करपली.

सोमवारी म्युझियम बंद. पुसायला निघालो
तर मागे लागून आली.
मे महिना, लू अशी की वर किल्ला
भट्टीतून काढलेल्या विटेसारखा.
वाटलं, चेहरा बघेल. सगळे तेच बघतात.
ती बघत बसली
जाळीची सळई भिंतीत रुतते ती जागा.
मग म्हणाली,
"शेवटी पळते ती, पुस्तकातली.
गटाराच्या नळातून, अंधारात, मागे कुत्री.
आणि लिहिणारी काय लिहिते, माहितेय?
तिच्या पापण्यांवर राख कशी चमकत होती.
अगं बाई, धावू दे ना तिला!"

इतक्या मोठ्यानं इथे कुणी बोलत नाही.

मी फडकं झटकलं. काहीतरी बोललो
चोरांबद्दल, विम्याबद्दल,
जाळी नसती तर ही आज
कुणा परदेशी शेठच्या दिवाणखान्यात असती, वगैरे.
खोटं नाही ते.
पण हेच मी मार्चमध्ये बोललो होतो,
जवळपास याच शब्दांत,
फुलबागेच्या संध्याकाळच्या बॅचला नाही म्हणताना:
जमाना खराब आहे, आणि तू दिसायला ही अशी.

तिनं किल्ली मागितली.
तळहातावर तोलली, परत दिली.
"हलकी आहे," म्हणाली.

रात्री कंपूतल्या घरी, सवयीनं,
दाराला कडी घातली.
तीनदा ओढून पाहिली.
बाहेर पायरीवरून, रस्त्याच्या दिव्याखालून आवाज आला:
"बाबा, मी इकडे आहे."

मग पान उलटल्याचा आवाज.
उघडा, असं काही ती म्हणाली नाही.