विसाचा हिशेब

बेकरीचा मालक म्हणतो,
विसाच्या खाली गेलं की फेरी बंद.
डिझेल काय तुझा बाप भरणार?
बाप गेला माझा. त्याचा पाव तेव्हाच कमी झाला.

मी त्सेन्को. विदिनहून निघतो,
डॅन्यूबला पाठ करून चढ चढतो,
मंगळवारी नि शुक्रवारी चौकात भोंगा वाजवतो.
एके काळी एकशे चाळीस पाव लागायचे इथं,
पोरं गाडीमागं धावायची, गरम कडा मोडून खायची.
आता शाळेत कुणीतरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात.
वर्ग पुन्हा भरलेला, गुणगुणणारा,
नि फळ्यावर एक भागाकार, अर्धा सोडलेला.

फाटकाफाटकावर निधनाची पत्रकं:
फोटो, नाव, 'सहा महिने झाले', 'तीन वर्षं झाली'.
छापणाऱ्याचा धंदा तेवढा जोरात आहे.
तोही बसेल.
मरायलाही माणसं लागतात.

वेलिच्काची लेक व्हॅलेन्सियात
कुणा परक्या म्हातारीला सूप भरवते, तिची नखं कापते.
त्या पैशांतून इकडे आईला वॉशिंग मशीन आलं.
आईची नखं मी कापतो, शुक्रवारी, पाव देऊन झाले की.
तिकडे हात कमी पडले, ते आमच्यातून गेले.
आमच्यात कमी पडलेले कुठून येणार, ते मशीनला विचारून झालं.
ते नुसतं गरगरतं.

गेर्गिना आजी दोन पाव घ्यायची.
दात तीन, पाव दोन.
मी चिडवायचो, आजी, भूक वाढली की काय?
म्हणायची, पाहुणे असतात रे.
जानेवारीत गेली.
माणूस एक गेलं, यादीतून पाव दोन गेले.
विसाचे अठरा.

पुढच्या मंगळवारी भोंगा वाजवला
तर तिच्या फाटकाशी पाहुणे धावत आले,
पाच कोंबड्या, माना उंच करून.
तेव्हा आठवलं: मागच्या उन्हाळ्यात
मालकाचा फोन मी गाडीत स्पीकरवर घेतला होता
नि आजी सुट्टे पैसे मोजत
खिडकीपाशीच उभी होती.

आता वहीत मी वीसच लिहितो.
दोनाचे पैसे माझ्या खिशातून.
एक घरी नेतो, एक कुस्करतो.
बायको म्हणते, किती दिवस?
मी म्हणतो, मंगळवारपर्यंत.

परवा कोल्ह्यानं एक कोंबडी नेली.
तिचं पत्रक अजून कुणी लावलेलं नाही.