कोनाड्याची खोली

टेपचे एक टोक दीनाबाईंच्या हातात,
दुसरे माझ्या.
"पूर्वेची भिंत, एकवीस फूट चार इंच."
"पूर्वी जास्त होती," त्या म्हणतात,
आणि हसत नाहीत.

मुरगावच्या या चढावर
चर्च शोधावे लागते.
बाहेरून पाहाल तर एखादे मालगुदाम:
मनोरा नाही, घंटा नाही,
दार रस्त्याकडे पाठ करून.
रेजिदोरने परवान्यातच लिहून दिले होते म्हणे,
प्रार्थना करा, पण ती दिसता कामा नये.
समोरच्या टेकडीवर इगर्ज,
दरवर्षी चुन्याने न्हाणारी, दोन मनोऱ्यांची.
आणि इकडे
बेळगावाकडून, धारवाडाकडून आलेले
फिटर, फायरमन, सांधेवाले,
रविवारी हातांचे तेल रॉकेलने पुसून
गुदामात गाणारे.

चिरा याच टेकडीच्या पोटातला.
खाणीतून काढताना कुऱ्हाडीने कापावा इतका मऊ,
वारा लागला की हट्टाला पेटतो.
छताला तुळया म्हणून घातलेत
चक्क रेल्वेचे रूळ.
त्यांच्या कुशीवर दूरच्या कुण्या भट्टीची अक्षरे,
मी मान उलटी करून उतरवून घेते.
ज्यांच्यावरून कधी एकही गाडी गेली नाही
असे रूळ.

खिडक्यांना काच नाही, शिंपल्यांच्या चकत्या.
उजेड आत येतो तो
ताकासारखा पातळ होऊन.

आणि मग हा कोनाडा.

वेदीच्या डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर,
कमानदार, आतून अंड्यासारखा घोटलेला.
मेथडिस्टांच्या भिंतीत हा कशाला?
यांना संत नाही, मूर्ती नाही,
मेणबत्तीचा नवस नाही.

गवंडी कायतान, चिखलीचा.
सात इगर्जींवर राबलेला हात.
गोऱ्या पाद्रीने दिलेला आराखडा खोक्यासारखा साधा,
कायतानाने तो मुकाट बांधला.
फक्त इथे हात सवयीने वळला.
की सवयीने नव्हे?
पाद्री म्हणाला, बुजव.
तो म्हणाला, "साहेब, भिंतीलाही श्वास लागतो."
(इथे दीनाबाईंच्या हातून टेप सुटते,
सर्रकन माझ्या अंगठ्यावर येते.)
दोन दिवसांची मजुरी कापली.
कोनाडा राहिला.

रिकामा मात्र राहिला नाही.
यहेज्केल गार्डाचा कंदील, हिरव्या-तांबड्या काचेचा.
तापाच्या साथीत कोयनेलच्या बाटल्या.
एकदा चिमणीचे घरटे, तेव्हा तीन रविवार
सगळ्यांनी हळू आवाजात गायले.
आणि त्या डिसेंबरात, पोर्तुगीज गेले तेव्हा,
बंदरावर तोफा वाजत असताना
दीनाबाईंची धाकटी बहीण,
तीन आठवड्यांची, सुपलीत घालून.
"आई म्हणाली, खाली तुडवली जाईल.
तर इथं ठेवली. रडली नाही हो अजिबात.
आता कुवेतला असते,
फोनवर सारखी रडते."

आज कोनाड्यात दीनाबाईंचा मोबाइल,
चार्जिंगला लावलेला,
त्यावर कोळशाची बारीक काळी धूळ.
बंदराचा रस्ता रुंद व्हायचा आहे.
माझा नकाशा त्या फायलीसाठी.
रविवारी नऊ माणसे असतात,
पाऊस असला तर सहा.

नकाशात एक रकाना आहे: उपयोग.
दार, ये-जा. खिडकी, उजेड.
कोनाड्यापुढे मी पेन्सिल अडवून बसते,
रकाना तसाच सोडते,
मापे तरी पुरी करावीत म्हणून
हात आत घालते.
"रुंदी वीस इंच. खोली तेरा."

"तेरा?" दीनाबाई चष्मा वर करतात.
"परत मोजा बाई.
लेकरू मावलं होतं त्यात."

परत मोजते.
तेराच.

लिहिते:
तेरा, अंदाजे.