चार नग

सातवीत गड्डम बाईंनी शिकवलं,
मशिनरीला अनेकवचन नसतं.
ती मोजत नाहीत. पाणी जसं, साखर जशी.
मागच्या बाकावर मी बोटं दुमडली:
आमच्याकडे तर चार आहेत.

एक डावीकडचा, धोटा फेकताना खोकणारा.
दोन भिंतीलगतचे, जुळे, एकाच लिलावातले.
चौथा दारापाशी. त्याच्यावर चादरीतला मोर
कायम एका डोळ्यानं आंधळा यायचा.
नाना म्हणायचे, जकार्डाचं भोक बुजलंय, राहू दे,
गिऱ्हाईक मोराचे डोळे बघत नाही.

साखर पेठेत तो शब्द सगळ्यांना पुरायचा.
म्याकल मशिनरी स्टोअर्स,
आत पट्टे, बोल्ट, फण्या आणि उधारीची वही.
दवाखान्यातला कंपाउंडर:
आतली मशिनरी जुनी झाली काका, आता बिडी सोडा.
पाचव्या दिवशीही नळ कोरडा,
आणि पेपरात यंत्रणा सज्ज.
म्हणजे नेमकं कोण, अम्मा विचारायची
हजाराचा हिशोब पुरा करता करता.
तिच्या बोटांना मात्र
कुणी मशिनरी म्हणालं नाही.

आम्हीही घरात तो शब्द वापरला नाही.
तेलुगूत मग्गम, मराठीत माग,
नाना चिडलेले असले की नुसतंच "ते".

मग बँकेचा फॉर्म आला.
रकाना: यंत्रसामग्रीचा तपशील.
मी पेन घेऊन बसले, नाना सांगत गेले,
कुठल्या दिवाळीत पिकिंग स्टिक तुटली,
कुठल्याला खोबरेल चालतं, कुठल्याला नाही,
यल्लप्पा कुणापाशी नऊ वर्षं उभा राहिला
आणि कुणामुळे त्याचं नख गेलं.
रकाना दीड इंचाचा.
मी लिहिलं: माग, चार नग.
नाना वाचून हसले.
नगच आहेत, म्हणाले, एकेक.

कर्ज झालं नाही.
दस्तगीर भंगारवाला आला तो काटा घेऊन.
त्यानं मागांची संख्यासुद्धा विचारली नाही.
आख्ख्या घराला किलोचा एकच भाव.
बाई, तुमचं व्याकरण तेवढं बरोबर निघालं.

त्याला आता तीन वर्षं.
खाली फरशीत सोळा भोकं, त्यात मुंग्या.
आम्ही अजून त्याच आवाजात बोलतो,
चार मागांच्या वरताण.
नवे शेजारी दार वाजवतात,
भांडण झालं का हो?
नाही, नाही,
नानांना जेवायला बोलावतेय.