रंगाचा हौद

माग विकले. हौद कोण विकत घेणार?
परसात तो तसाच राहिला,
चार बाय सहा, कमरेएवढा,
भिंतींवर निळ्याचा, जांभळ्याचा, शेंदरीचा
एकेका ऑर्डरीचा थर.
आत मोडकी सायकल, रिकामी पिंपं.
हे सकाळी त्याच्या काठावर बसून चहा पीत.
मी काही विचारत नव्हते.

मग माघात एकदा होटगी रस्त्याच्या नर्सरीतून
ओल्या पोत्यात गुंडाळून काहीतरी आणलं.
मला वाटलं, आलं.
"वॉटर लिलीचा कंद आहे. निळी येईल म्हणालाय."
"कलुवा," अत्तम्मा खाटेवरून म्हणाल्या,
आणि आपल्या आजीच्या गावच्या तळ्याबद्दल
संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या.
ते तळं त्यांनीही कधी पाहिलेलं नाही.

हौद चिंचेच्या पाण्यानं घासला, काथ्यानं,
नखं झिजेपर्यंत.
पहिलं पाणी निळं निघालं, दुसरं चहासारखं.
नळ चौथ्या दिवशी येतो,
तीन पाणी बदलायचं म्हणजे बारा दिवस.
भिंतीपलीकडून नागमणी म्हणाली,
"माणसांना नाही, अन् फुलाला?"
तिचं खरंच होतं.
म्हणून हौद अर्धाच भरला.

घमेल्यात काळी माती, चाळून. शेणखत नाही,
पाणी सडतं.
कंद तिरपा, डोळा मातीच्या वर,
त्यावर दोन बोटं वाळू, मासे उकरू नयेत म्हणून
(मासे अजून यायचे होते).
घमेल्याखाली चार विटा.
पानं वर पोचली की एक वीट काढायची,
पुन्हा पोचली की दुसरी.
नव्या पोराला आधी कांड्या भरायला बसवतात,
मागावर नंतर. तसंच, म्हणाले.

महापालिकेचा मलेरियावाला आला.
आडनाव फुलारी, खांद्यावर फवारा.
"साचलेलं पाणी. दंड होईल."
हे काही बोलले नाहीत, त्याला काठाशी नेलं.
तळव्याएवढं पान, खालून तांबूस,
वर एक थेंब इकडून तिकडे पळत होता.
फुलारी उकिडवा बसला.
दुसऱ्या दिवशी कॅरीबॅगेत गप्पी मासे घेऊन आला,
मोजून अठरा.

चैत्रात त्रेचाळीसवर गेलं.
पानांच्या कडा पापडासारख्या.
यांनी सेकंड्समधली चादर काढली,
मोराचा एक डोळा विणायचा राहिलेली,
आणि दुपारपुरती हौदावर ताणली.
पिवळं पान देठासकट खालून कापायचं,
नुसतं वरचं तोडलं तर देठ कुजतो.
हे मला शिकवलं, जसं काही
चाळीस वर्षं हेच करत होते.

आणि एका मंगळवारी कळी,
पानाला कोपरानं ढकलून वर आलेली.
साडेआठला उघडली.
पांढरी.
निळ्याचा मागमूस नाही.

"नर्सरीवाल्याला फोन लावू का?"
"थांब."
रुमालाचं टोक ओलं केलं,
पाकळीवर हलकेच दोनदा फिरवलं,
आणि उन्हात धरून पाहिलं,
जसं सुताच्या लडीचं पाहायचे.
"सुटत नाही," म्हणाले.
चारला ती मिटली. पाळी सुटावी तशी.

आज रात्री तीनला पाणी आलं.
पिंपात एक दिवस मुरू द्यायचं असतं,
हे कालच्या पिंपातलं, नळी लावून.
नळीच्या तोंडाला फडकं, धार लागू नये म्हणून.
एकदम तीन बोटांवर वाढवायचं नाही,
पानं बुडतात.
मी टॉर्च धरते. अत्तम्मा आत खोकतात.
हे हात पाण्यात घालतात,
एक, दोन.
तिसऱ्या बोटाच्या नखाच्या खोबणीत
अजून निळं आहे.
"पुरे," म्हणतात. "नळी काढ."