अठ्ठीच्या आत

दोन पत्ते पालथे, एक उताणा.
उताणा ज्याचा सगळ्यात हलका, त्यानं आधी नाणं टाकायचं.
ही शिक्षा नव्हे, लेम्पी म्हणाली, रीत आहे.
माझी दुर्री होती, किलवरची.
मी पाच सेंट पुढे सरकवले.

हॅनकॉकच्या त्या तळघरात गुरुवारी सातला भट्टी पेटते,
बूट दाराशी ठिबकत उभे राहतात.
बर्फ खिडकीच्या वर चढलेला,
त्यामुळे रात्रीसुद्धा बाहेर पांढरंच दिसतं.
टाउनो, स्टिपे, पाईप चावणारा म्हातारा ट्रेवेना:
तिघांच्या बापांनी एकाच खाणीत तांबं खणलं,
आणि तिघं एकमेकांना पाच सेंटसुद्धा सोडत नाहीत.

आणि मी.
रेइनो डिट्रॉइटला निघून गेला त्याला चौथा महिना.
लेम्पी त्याची आई. तिनं मला काही विचारलं नाही,
नुसतं म्हणाली, गुरुवारी ये, एक खुर्ची मोकळी आहे.

रास दोघांत वाटायची, पिसता पिसता ती सांगत होती.
अर्धी सगळ्यात भारी हाताला,
अर्धी सगळ्यात हलक्या हाताला.
पण हलका म्हणजे कसाही हलका नव्हे हं,
पाच पत्ते अठ्ठीच्या आत हवेत, पाचही वेगळे.
जोडी लागली तर त्यातला एकच मोजायचा.
ओळ लागो, सगळे एका रंगाचे येवोत,
हलक्याचं त्यानं काही बिघडत नाही.
हलकं म्हणवून घ्यायलासुद्धा लायकी लागते, ट्रेवेना म्हणाला,
आणि तीनशे पौंडांचा स्टिपे खुर्ची करकरेपर्यंत हसला.

आणि कुणीच लायक नसेल तर?
तर सगळी भारीला.

एक्का दोन्हीकडचा.
राजाच्या वर, दुर्रीच्या खाली,
एकाच डावात, एकाच हातात.
मला ते पटेना. असं कसं, मी म्हटलं,
काय ते एक ठरवायला नको का त्यानं?
लेम्पीनं वर पाहिलं. डोळे रेइनोचेच, फक्त थकलेले.
पत्त्याला कोण विचारतं, ती म्हणाली,
आणि मला वाटायला लागली.

मी अर्ध्यामागे धावत राहिले, टाउनो कुरकुरत राहिला:
अर्ध्यासाठी अख्खे पैसे घालतेस, पोरी.

नवव्या की दहाव्या डावात शेवटचा पत्ता पालथा आला
आणि माझी सत्ती जमली.
एक्का, दुर्री, चौकी, छक्की, सत्ती.
काय म्हणायचं आता, मी विचारलं.
काही नाही. उघडे टाक. पत्ते आपले आपण बोलतात.
मी टाकले.
लेम्पीनं तिचे टाकले.
एक्का, दुर्री, चौकी, छक्की, सत्ती.
माझ्याकडे इस्पिक होतं तिथे तिच्याकडे बदाम.

टाउनोच्या तीन राण्या. भारी अर्ध्याचा प्रश्नच नव्हता.
एक डॉलर पंचाऐंशी, सगळी पाच-पाचची नाणी, सदतीस.
विषम नाणं भारीला जातं, हाही नियमच:
एकोणीस टाउनोची.
उरलेल्या अठरांचे लेम्पीनं दोन मनोरे केले, नऊ नऊ,
बोटानं उंची जुळवून पाहिली,
आणि आधी माझा माझ्याकडे सरकवला.
पन्नास घातले होते. पंचेचाळीस आले.
आयुष्यात इतक्या बरोबर मी कधी हरले नव्हते.

रात्री तिनं माझ्या गाडीची काच खरवडायला घेतली,
सत्तरीची बाई, हातमोज्यांशिवाय.
मी म्हटलं, नव्वी आली की सगळं संपलंच ना पण?
का संपेल, ती म्हणाली. हातात सात असतात,
मोजायचे पाच. दोन टाकून द्यायचे.
कुठले दोन, मी विचारणार होते.
पण ती तोवर दुसऱ्या बाजूला गेली होती,
आणि काचेतून तिचा फक्त हात दिसत होता,
मागेपुढे, मागेपुढे.